भूकंपलेखकांची अखंड नोंद आणि तिच्यावरची नजर

भूकंपलेखक हे उपकरण जमिनीची हालचाल रात्रंदिवस नोंदत असते. भूकंप असो वा नसो, त्याचे काम थांबत नाही. आजच्या उपकरणातून ही नोंद आकड्यांच्या रूपाने सलग बाहेर पडते, तारेवरून, मोबाइल नेटवर्कवरून किंवा उपग्रहामार्फत दूरच्या केंद्राकडे जाते आणि तेथे सॉफ्टवेअर तिच्यावर लक्ष ठेवते. 3 एप्रिल 2025 रोजी सकाळी 11 वाजून 22 मिनिटांनी सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या परिसरात 2.6 महत्तेचा भूकंप झाला. इतक्या लहान धक्क्याने घराच्या भिंतीला तडा जात नाही. तरीही दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने त्याची वेळ, अक्षांश-रेखांश आणि सुमारे 5 किलोमीटर ही खोली जाहीर केली. हे शक्य झाले ते लांबलांबच्या अनेक उपकरणांची नोंद त्या क्षणी चालू होती आणि एकत्र येत होती म्हणून. महत्ता म्हणजे भूकंपाच्या उगमापाशी मोकळ्या झालेल्या ऊर्जेशी निगडित असलेले माप. वर्तमानपत्रांत तिलाच रिश्टर म्हणतात. एखाद्या गावात प्रत्यक्ष किती हादरा बसला याचे माप वेगळे असते, त्याला तीव्रता म्हणतात.

सोलापूरकरांना भूकंप म्हटले की आठवते ती 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक घरी परतून झोपले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. 6.2 महत्तेच्या त्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसे गेली. मोठ्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशा घरांखाली माणसे गाडली गेली. सांगोल्याच्या धक्क्याशी तुलना केली, तर ढोबळ हिशेबाने किल्लारीत अडीच लाख पट ऊर्जा मोकळी झाली होती. त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. पुढे 2002 साली भारतीय मानक ब्यूरोने तो पहिला विभागच रद्द केला. भूकंपाच्या वर्षभर आधी, 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, किल्लारीत लहान धक्के जाणवत होते आणि लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. ते धक्के बारकाईने टिपेल असे उपकरणांचे दाट जाळे तेव्हा त्या परिसरात नव्हते. एखादा प्रदेश शांत आहे असे म्हणण्यासाठी तेथे कोणीतरी सतत कान देऊन असावे लागते, हा किल्लारीचा धडा आहे. अखंड नोंद आणि तिच्यावरची नजर या विषयाचे महत्त्व त्यातूनच कळते.

महाराष्ट्रात या नोंदीची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत जॉन मिल्न यांच्या रचनेचा भूकंपलेखक बसवला गेला. 1960 च्या दशकात पुण्याची वेधशाळा प्रमाणित भूकंपलेखकांच्या जागतिक जाळ्यात आली. त्या काळी आलेख उमटत तो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या काजळी धरलेल्या किंवा फोटोच्या कागदावर. दररोज कागद बदलायचा, फोटोचा असेल तर धुवायचा, भिंगाखाली धरून तरंगांच्या आगमनाच्या वेळा वाचायच्या आणि त्या तारेने किंवा टपालाने कळवायच्या, असा क्रम असे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला 6.3 महत्तेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. तेव्हाचा अभ्यास याच कागदी आलेखांवर झाला. कागदाला मर्यादा होत्या. मोठ्या धक्क्यात रेघ कागदाबाहेर जाई, लहान धक्का रेघेच्या जाडीत हरवून जाई आणि दोन ठिकाणच्या घड्याळांत सेकंद-दोन सेकंदांचा फरक सहज पडे.

किल्लारीनंतर चित्र पालटले. जागतिक बँकेच्या साहाय्याने द्वीपकल्पातील निवडक वेधशाळांत डिजिटल ब्रॉडबँड, म्हणजे मंद आणि जलद अशी दोन्ही कंपने टिपणारी उपकरणे आली. 2004 च्या हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत 2007 पासून त्सुनामी-इशारा केंद्र सुरू झाले आणि भूकंपाची नोंद काही मिनिटांत हाती येणे ही राष्ट्रीय गरज ठरली. 2014 मध्ये राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र स्वतंत्रपणे उभे राहिले. आज त्याच्या जाळ्यात उपकरणे बसवलेली दीडशेहून अधिक केंद्रे आहेत. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि महाराष्ट्रातील धरणांभोवतीची निरीक्षणे सांभाळणारी नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था यांची उपकरणे वेगळी आहेत.

नोंदीचा प्रवास जमिनीपासून सुरू होतो. संवेदकात एक वजन स्प्रिंगने तोललेले असते. जमीन हलली की चौकट हलते आणि वजन जडत्वामुळे मागे राहते. या सापेक्ष हालचालीचे रूपांतर विद्युतदाबात होते. वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तीन दिशांसाठी तीन घटक असतात. डिजिटायझर हा विद्युतदाब ठरावीक अंतराने मोजून त्याचा आकडा करतो. सेकंदाला 100 नमुने हा स्थानिक भूकंपांसाठीचा नेहमीचा वेग. या हिशेबाने एका दिशेचे दिवसाला 86 लाख 40 हजार आकडे होतात आणि तिन्ही दिशांचे मिळून 2 कोटी 59 लाख 20 हजार. 24 बिटांचा डिजिटायझर सुमारे 1 कोटी 67 लाख पायऱ्यांत विद्युतदाब मोजतो. म्हणूनच दूरच्या समुद्राच्या लाटांनी होणारे सूक्ष्म कंपन आणि जवळचा चांगला जाणवणारा धक्का, दोन्ही एकाच उपकरणात नीट उमटतात.

हे आकडे साठवण्याची आणि पाठवण्याची जगभर रुळलेली पद्धत म्हणजे मिनीसीड. तिच्यात आकडे दाबून छोट्या नोंदींत भरले जातात. एका नोंदीचा आकार बहुधा 512 बाइट असतो आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर जाळे, केंद्र, घटक, आरंभाची वेळ व नमुन्यांचा वेग लिहिलेला असतो. प्रत्येक आकडा पूर्ण लिहिण्याऐवजी लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक लिहिला की जागा बरीच वाचते. जमीन स्वस्थ असताना फरक लहान असतात, त्यामुळे नोंद आटोपशीर राहते. भूकंपात फरक मोठे होतात आणि नोंदी भराभर भरतात. म्हणजे ज्या क्षणी नोंद सर्वांत मोलाची असते, त्याच क्षणी वाहिनीवर सर्वांत जास्त ताण येतो. वाहिनीची क्षमता ठरवताना हे विसरून चालत नाही.

केंद्राकडून नोंदी आणण्यासाठी सीडलिंक ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. केंद्रावरचा संगणक आलेल्या नोंदी एका चक्राकार साठ्यात ठेवतो. साठा भरला की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी तिच्या जागी बसते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. मधेच संपर्क तुटला तर घेणारा सर्व्हर पुन्हा जोडला गेल्यावर शेवटचा क्रमांक सांगतो आणि त्यापुढच्या नोंदी मागून घेतो. दुपारी वळवाच्या वादळात मोबाइल टॉवर तासभर बंद पडला, तरी साठ्यात तेवढी जागा असेल तर संध्याकाळी नोंद सलग झालेली दिसते. येथे उशीर आणि खंड यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. उशिरा आलेली नोंद अभ्यासाला उपयोगी पडते, फक्त तातडीच्या इशाऱ्याला उपयोगी पडत नाही. पण खंड पडला की तो काळ कायमचा हरवतो. आणखी एक गोष्ट नवशिक्याला चकवते. सेकंदाला 100 नमुन्यांची नोंद काही सेकंदांत भरून निघते, पण सेकंदाला एकच नमुना असलेली तीच नोंद भरायला काही मिनिटे लागतात. दुसरीचा उशीर पडद्यावर मोठा दिसतो, तो बिघाड नसतो.

या साऱ्याचा कणा वेळ आहे. भूकंपाचा प्राथमिक तरंग कवचाच्या वरच्या खडकांतून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर जातो. केंद्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर त्या केंद्रापासूनचे अंतर 6 किलोमीटरनी चुकू शकते. म्हणून प्रत्येक केंद्रावर उपग्रहांकडून वेळ घेणारा जीपीएस असतो. त्याची अँटेना झाडाच्या फांदीआड गेली किंवा केबल उंदराने कुरतडली की घड्याळ हळूहळू सरकू लागते. आलेख दिसायला निर्दोष असतो आणि स्थान मात्र चुकत जाते. घड्याळाची अवस्था दाखवणारा रकाना म्हणूनच देखरेखीच्या पडद्यावर सर्वांत आधी पाहायचा.

देखरेखीची सॉफ्टवेअरे अनेक आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत 1990 च्या दशकात अर्थवर्म तयार झाले. वेगवेगळी कामे करणारे छोटे कार्यक्रम एका सामायिक स्मृतीतून एकमेकांना संदेश देतात, ही त्याची रचना. जर्मनीतील पोट्सडॅमच्या जीएफझेड संशोधन केंद्रात वाढलेले सिसकॉम्प 2004 च्या त्सुनामीनंतर इशारा यंत्रणांच्या गरजेतून भक्कम झाले आणि आज अनेक देशांच्या भूकंपकेंद्रांत वापरात आहे. प्रवाह नुसता पाहायचा असेल तर स्वॉर्म हे सुटसुटीत साधन आहे. ज्यांना पायथॉन भाषा येते त्यांच्यासाठी ऑब्सपाय हा मुक्त संग्रह आहे. नोंद वाचणे, गाळणे, आलेख काढणे ही कामे त्यात मोजक्या ओळींत होतात. नावे वेगळी असली तरी कामांचा क्रम तोच: प्रवाह घेणे, तपासणे, दाखवणे, त्यात भूकंप शोधणे, त्याचे स्थान व महत्ता काढणे आणि सारे जपून ठेवणे.

भूकंप शोधण्याआधी गोंगाट ओळखावा लागतो. सोलापूर परिसरात उपकरण ठेवले तर त्याला काय ऐकू येईल याचा अंदाज बांधता येतो. पुणे-हैदराबाद महामार्गावरची अवजड वाहने, रेल्वेगाड्या, औद्योगिक वसाहतींतले यंत्रमाग, गाळप हंगामातले साखर कारखाने, खडीची क्रशर आणि शेतांतले विहिरीवरचे पंप. या गोंगाटाला दिवस-रात्रीचा आणि आठवड्याचा ताल असतो. 2020 च्या टाळेबंदीत जगभरच्या अनेक केंद्रांवर हा मानवी गोंगाट निम्म्यापर्यंत उतरल्याचे नोंदीतून दिसले. निसर्गाचाही स्वतःचा गोंगाट आहे. समुद्राच्या लाटांनी निर्माण होणारी, काही सेकंदांच्या आवर्तनाची सूक्ष्म कंपने किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत पोहोचतात आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की त्यांचा जोर वाढतो. म्हणून उपकरण वस्तीपासून दूर, उघड्या काळ्या पाषाणावर बसवतात. भीमा-सीनेच्या काठची काळी माती ओलीसुकी होताना फुगते आणि आकसते. अशा जमिनीवर ठेवलेले उपकरण हळूहळू कलते आणि आलेखाची मध्यरेषा सरकते.

गोंगाटातून भूकंप निवडण्याची सर्वांत प्रचलित युक्ती साधी आहे. सॉफ्टवेअर एकाच वेळी दोन सरासऱ्या काढत राहते, एक शेवटच्या साधारण एका सेकंदाची आणि दुसरी शेवटच्या साधारण अर्ध्या मिनिटाची. पहिलीला दुसरीने भागले असता स्वस्थ वेळी उत्तर 1 च्या आसपास राहते. अचानक तरंग आला की पहिली सरासरी झटकन वाढते, दुसरी मागे राहते आणि भागाकार 3 किंवा 4 च्या वर गेला की सॉफ्टवेअर तेथे खूण करते. हा उंबरठा खाली ठेवला तर ट्रॅक्टर गेला तरी खूण पडते, वर ठेवला तर लहान भूकंप निसटतो. योग्य आकडा प्रत्येक केंद्राच्या गोंगाटावरून, तेथल्या जुन्या नोंदी तपासूनच ठरतो. एका केंद्रावरच्या खुणेवर कोणी भूकंप जाहीर करत नाही. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या खुणा तरंगांच्या वेगाशी जुळतील अशा क्रमाने आल्या, तरच सॉफ्टवेअर त्या एका घटनेच्या मानते. अक्षांश, रेखांश, खोली आणि आरंभाची वेळ या चार अज्ञात राशी असल्याने किमान चार आगमने हवीत. अचूकतेसाठी त्याहून बरीच जास्त लागतात, आणि ती भूकंपाच्या चहूबाजूंची असावी लागतात.

अंतराचा हिशेब किल्लारीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. 1993 च्या भूकंपाचे अपिकेंद्र, म्हणजे उगमाच्या थेट वरचे जमिनीवरचे ठिकाण, सोलापूर शहरापासून सुमारे 72 किलोमीटरवर धरले, तर प्राथमिक तरंगाला येथे पोहोचायला 12 सेकंद लागतात. सेकंदाला साडेतीन किलोमीटर वेगाने येणाऱ्या, जास्त हादरवणाऱ्या दुय्यम तरंगाला सुमारे 21 सेकंद लागतात. दोन्हींतले अंतर 9 सेकंदांचे. या फरकाला 8 ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, हा भूकंपनिरीक्षकांचा जुना तोंडी हिशेब आहे. कोयना सोलापूरपासून सुमारे 230 किलोमीटरवर आहे, तेव्हा तिकडून आलेल्या तरंगांत हा फरक अर्ध्या मिनिटाच्या जवळपास जातो. आलेखावर दोन आगमनांत 9 सेकंद दिसले की 29, एवढ्यावरून धक्का कोणत्या टापूतला असावा याचा पहिला अंदाज बांधता येतो.

सॉफ्टवेअरने काढलेले पहिले उत्तर हे अंतिम उत्तर नसते. दगडखाणीतला सुरुंग आणि लहान भूकंप यांचे आलेख सारखे दिसू शकतात. सुरुंग बहुधा दिवसा, कामाच्या वेळेत उडतो, त्याची खोली जवळजवळ शून्य असते आणि स्फोट सगळीकडे बाहेर ढकलत असल्याने पहिली हालचाल चहूबाजूंच्या केंद्रांवर वरच्या दिशेने उमटते. भूकंपात खडक एकमेकांवरून सरकतात, म्हणून काही केंद्रांवर पहिली हालचाल वर आणि काहींवर खाली येते. अलीकडे फेजनेट आणि ईक्यूट्रान्सफॉर्मर अशी, लाखो आलेखांवर शिकवलेली यंत्रशिक्षणाची साधने तरंगांची आगमने फार चांगली टिपतात. मात्र ती ज्या प्रदेशांच्या नोंदींवर शिकली त्यांची सवय त्यांना असते. दख्खनच्या बसाल्ट या काळ्या पाषाणाखालून येणाऱ्या नोंदींवर त्यांची पारख येथल्याच अभ्यासकांनी करायला हवी.

देखरेखीचा दुसरा अर्धा भाग उपकरणांच्या प्रकृतीचा आहे. शेवटची नोंद किती सेकंदांपूर्वी आली, दिवसात किती खंड पडले, बॅटरीचा विद्युतदाब किती, संवेदकातले वजन मध्यावर आहे का, घड्याळ जुळलेले आहे का, हे प्रत्येक केंद्राबाबत रोज पाहायचे असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या पेटीतली बॅटरी लवकर थकते, हे ध्यानात घेऊनच खोली बांधावी लागते. गोंगाट कंपनसंख्येनुसार मोजून तो पीटरसन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या जागतिक नीचतम आणि उच्चतम रेषांच्या मध्ये आहे का, हे पाहण्याची पद्धत आहे. आलेख खालच्या रेषेच्याही खाली गेला तर केंद्र फार शांत आहे असा त्याचा अर्थ नसतो. बहुधा संवेदक किंवा केबल निकामी झालेली असते. सपाट रेघ पाहून समाधान मानणे ही या कामातली सर्वांत महाग चूक.

अखंड नोंदीने महाराष्ट्राला काय दिले याचे ठळक उत्तर कोयना आहे. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागल्यापासून तेथे सहा दशके भूकंप होत आहेत. पाण्याची पातळी आणि भूकंपांची संख्या यांचा संबंध तेथल्या दीर्घ नोंदीतूनच सिद्ध झाला आणि जलाशयामुळे चाळवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयना जगातले प्रमुख ठिकाण ठरले. तेथे आता पृष्ठभागाचा गोंगाट टाळण्यासाठी सुमारे दीड किलोमीटर खोल विवरांत, बसाल्टच्या थरांखालच्या ग्रॅनाइटी खडकात संवेदक उतरवले आहेत. गोठणे येथे 3 किलोमीटर खोल पथदर्शी विवर खणले गेले असून कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर 2018 पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. या वेळी शास्त्रज्ञांनी जवळच तात्पुरती उपकरणे बसवली आणि हजारो धक्के टिपले. किल्लारीत 1992 साली जे राहून गेले, ते येथे करता आले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. कोणत्याही सॉफ्टवेअरला भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही. भूकंप सुरू झाल्यावर हादरा पोहोचण्याआधी काही सेकंदांचा इशारा देणे शक्य आहे आणि उत्तराखंडात आयआयटी रुरकीची अशी यंत्रणा काम करते. किल्लारीजवळ दाट जाळे असेल, तर दुय्यम तरंगाच्या आधी सोलापूरला साधारण बारा-पंधरा सेकंद मिळू शकतील. रेल्वेचा वेग कमी करायला, लिफ्ट मजल्यावर आणायला, मुलांना बाकाखाली बसवायला तेवढे पुरतात. पण खुद्द किल्लारीला एकही सेकंद मिळणार नाही, कारण तेथे दोन्ही तरंग जवळजवळ एकदमच पोहोचतात. उगमाजवळच्या माणसाला वाचवते ते नीट बांधलेले घर. नोंदीचा उपयोग ते घर किती मजबूत असावे हे आधी ठरवण्यासाठी, मदत कोठे पाठवायची हे काही मिनिटांत कळण्यासाठी आणि अफवांना आळा घालण्यासाठी आहे.

या कामाची साधने आता आवाक्यात आली आहेत. रास्पबेरी शेकसारखी छोटी उपकरणे 24 बिटांची, सेकंदाला 100 नमुन्यांची नोंद करतात आणि ती सीडलिंकने पाठवतात. सिसकॉम्प, स्वॉर्म आणि ऑब्सपाय शिकण्यासाठी पैसे पडत नाहीत. जगभरच्या अनेक केंद्रांचे प्रवाह सर्वांसाठी खुले आहेत, त्यामुळे स्वतःचे उपकरण नसतानाही विद्यार्थ्याला आजपासून सराव करता येतो. सोलापूर, धाराशिव आणि लातूर या तीन जिल्ह्यांतल्या विद्यापीठांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकेक केंद्र उभारून ते चालू ठेवले, तर किल्लारीच्या भोवती नोंदींचे एक कायमचे वर्तुळ तयार होईल. उपकरण बसवण्याचा समारंभ एका दिवसात उरकतो. त्यानंतर वर्षानुवर्षे रोज सकाळी पडदा पाहून, कोणत्या केंद्राची नोंद थांबली आहे हे शोधून, ती त्याच दिवशी पुन्हा सुरू करणारी माणसे हवीत. पुढच्या पिढीच्या हाती भूकंपाचा विश्वासार्ह इतिहास पडेल की नाही, हे त्यांच्या या रोजच्या कामावर ठरणार आहे.